जूनमध्ये नको, फेब्रुवारीत जा

वाचकाचं पत्र

मी साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका, वय ६१. रोज पहाटे अजिंक्यतारा चढते. वासोटा, प्रतापगड, सज्जनगड पायाखालचे आहेत. मुलगी-जावई डब्लिनला असतात. येत्या जूनमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे जाणार आणि तिथून सगळे मिळून आठवडाभर आइसलँडला. जावईबापूंनी हिमनदीतल्या निळ्या गुहेचा व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. पण घरात जितकी तोंडं तितकी मतं. ह्यांचा गुडघा दुखतो. ते म्हणतात, या वयात बर्फात कशाला मरायला जायचं! जावई म्हणतात, गाइडला एवढे पैसे कशाला, नकाशावर जागा सापडते, आपले आपण जाऊ, आई तर गड चढणाऱ्या आहेत. धाकटे दीर म्हणतात, बर्फाची गुहाच बघायची तर गोमुखाला जा, पुण्यही पदरात पडेल. सहा वर्षांच्या नातवालाही यायचंय. मी काय करू? कपडे काय घेऊ? आणि हो, लेकीनं कंदी पेढे आणायला सांगितलेत.

सल्ला

ताई,

आधी वयाचा विषय मिटवू. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ज्या गुहा प्रवासी बघतात, त्या वात्नायोकुल नावाच्या अवाढव्य हिमनदीच्या कडेला आहेत, समुद्रापासून थोड्याच किलोमीटरवर. महाबळेश्वर १,३५३ मीटर उंचीवर आहे. तुम्ही तिथे उभ्या राहाल ती जागा त्याच्या कितीतरी खाली असेल. विरळ हवेचा, दम लागण्याचा प्रश्नच नाही. कंपनीची उंच चाकांची जीप बरीच आतपर्यंत नेते आणि सोप्या गुहांपर्यंत पुढचं चालणं साधारण अर्ध्या तासाचं असतं. रोज अजिंक्यतारा चढणाऱ्या बाईला त्यात अवघड काही नाही. यजमानांना तसं सांगा.

घरात एवढी मतं पडली, पण जून महिन्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही. खरी गोम तिथे आहे.

वात्नायोकुलचं क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. आपला सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटरचा. म्हणजे जिल्ह्याच्या जवळजवळ पाऊण भागावर सरासरी ४०० मीटर जाडीचा बर्फ चढलाय, असं डोळ्यांसमोर आणा. एवढ्या वजनाखाली बर्फ एका जागी राहत नाही. खालचा थर दबून उताराकडे सरकत असतो आणि वरचा, कडक असल्यामुळे, तडकत जातो. उन्हाळ्यात वर वितळलेलं पाणी या भेगांतून आणि उभ्या विवरांतून थेट तळाशी जातं. तिथे बर्फ आणि जमीन यांच्यामधून वाट काढत बाहेर पडतं आणि जाता जाता बोगदा कोरतं. व्हिडिओत तुम्ही पाहिलीत ती गुहा म्हणजे हा बोगदा, पाणी नसतानाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थंडी पडली की वितळणं थांबतं, प्रवाह आटतो आणि पोकळी मोकळी होते. मग तिथले गाइड हिमनदी पालथी घालून त्या वर्षीच्या गुहा हुडकतात. गेल्या वर्षीची गुहा कधी ढासळलेली असते, कधी बर्फाच्या दाबानं मिटून गेलेली असते, कधी प्रवाहानं वाटच बदललेली असते. नोव्हेंबर ते मार्च हा नैसर्गिक गुहांचा हंगाम. त्यानंतर बर्फाला पुन्हा पाझर फुटतो.

थोसेघरच्या धबधब्याखाली मे महिन्यात कोणी जाऊन बसेल, जुलैत कोणी बसत नाही. जूनमधली बर्फाची गुहा म्हणजे जुलैमधलं थोसेघर. फरक एवढाच की थोसेघरला पाण्याचा आवाज लांबूनच ऐकू येतो, आणि बर्फाची भिंत पडण्याआधी काही सांगेलच असं नाही.

हे पुस्तकी नाही. २५ ऑगस्ट २०२४ रोजी वात्नायोकुलचाच एक फाटा असलेल्या ब्रेदामेरकुरयोकुलवर २३ जणांची सहल गेली होती, गाइडसह. बर्फाची भिंत कोसळली. एक अमेरिकन प्रवासी दगावला, त्याच्या सोबतची स्त्री जखमी झाली. नोंदीत २५ जण दिसत होते म्हणून आणखी दोघे गाडले गेलेत असं समजून बचावपथकं दुसऱ्या दिवसापर्यंत बर्फ उपसत राहिली, आणि शेवटी कळलं की आकडाच चुकला होता. एक घनमीटर बर्फ ९०० किलोंच्या वर भरतो. तो हातानं आणि साध्या हत्यारांनी फोडत बसलेल्या माणसांचा विचार करा. त्यानंतर राष्ट्रीय उद्यानानं त्या सहली थांबवल्या आणि नियम कडक केले. माझ्या लेखी यातली महत्त्वाची गोष्ट ही की गाइड होता. नव्हती ती थंडी.

तेव्हा तिकिटं काढली नसतील तर फेब्रुवारी धरा. डिसेंबरात आइसलँडमध्ये जेमतेम चार-पाच तास उजेड असतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो आठ-नऊ तासांवर जातो आणि थंडी टिकून असते. शिवाय आयर्लंडमधल्या शाळांना फेब्रुवारीच्या मध्यात छोटी सुट्टी असते, ती नातवाच्या सोयीची. नशीब असेल तर रात्री उत्तरेचा हिरवा प्रकाशही दिसेल. जूनमध्ये तिकडे रात्रच होत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तो दिसणं शक्य नाही.

आता जावयांकडे वळते. तुम्ही गड चढणाऱ्या आहात हे त्यांनी कौतुकानं म्हटलं असेल, पण ते कौतुक इथे उपयोगाचं नाही. कराडजवळची आगाशिवची लेणी दोन हजार वर्षांपासून उभी आहेत, आणि ती ज्या कातळात कोरलीत तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. आपल्याकडे गुहा म्हणजे डोंगरातली सगळ्यात भरवशाची जागा. पावसात आपण तिच्यात शिरतो, मुक्कामही करतो. सह्याद्रीत इतकी वर्षं चालल्यावर तुम्हाला घसारा लांबून ओळखता येतो, शेवाळलेल्या पायरीवर पाय आपोआप आखडतो, कुठला दगड हलणार हे नजरेला कळतं. बर्फावर ही नजर चालत नाही. ताज्या हिमाखाली भेग झाकली गेली तर वरून सपाट मैदान दिसतं. गुहेचं छत निळं, चकचकीत आणि सुंदर दिसतं तेव्हा ते बऱ्याचदा पातळ झालेलं असतं, म्हणून तर उजेड आत येतो. काही गुहा जमिनीतल्या उष्णतेनं तयार होतात आणि तिथे विषारी वायू साठू शकतो. तुमचे पाय तिथे नक्की कामाला येतील. अंदाज मात्र दुसऱ्याचा घ्यावा लागेल. नकाशावरची खूण हा तर अंदाजही नाही, ती गेल्या हिवाळ्यातल्या कुणाची तरी आठवण आहे.

म्हणून गाइड घ्याच, पण कुठलाही नको. संकेतस्थळावरचे फोटो सगळ्यांचे सारखेच निळे असतात, त्यावरून काही कळत नाही. जावयांना बुकिंगच्या आधी कंपनीला एक पत्र टाकायला सांगा आणि त्यात विचारायला सांगा, की गेल्या हंगामात तुम्ही सहल किती वेळा रद्द केली आणि कशामुळे. जानेवारीतही तिथे उबदार वारा सुटतो, दिवसभर पाऊस लागतो आणि गुहेत पाणी भरतं. अशा दिवशी चांगला गाइड दारातून परत फिरतो. ‘आमची सहल कधीच रद्द होत नाही’ असं उत्तर आलं तर ती कंपनी सोडून द्या. ‘रद्द केली, पैसे परत दिले किंवा त्याऐवजी हिमनदीवर चालायला नेलं’ असं उत्तर आलं तर त्यांना पैसे द्या. आणखी तीन गोष्टी विचारा. एका गाइडमागे माणसं किती, जीप थांबते तिथून चालणं किती, आणि गाइड रोज सकाळी गट नेण्याआधी गुहा पाहून येतो का. माणशी पंधरा-वीस हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. डोळ्यांत भरणारा आहे, मान्य. पण त्यात हेल्मेट, बुटाखाली बांधायचे काटे, जीप आणि त्या माणसाची नजर, सगळं येतं.

आणि ताई, गुहा बंद निघाली तर? तयारी ठेवा. हवामानासाठी दोन दिवस मोकळे धरूनच बेत आखा. ज्यांचा बेत घट्ट असतो ते गाइडच्या मागे लागतात, ‘एवढ्या लांबून आलोय हो, पाच मिनिटं तरी’. आपल्या लोकांची ही सवय मला चांगली माहीत आहे. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते तेव्हाही बामणोलीच्या धक्क्यावर हेच वाक्य ऐकू येतं.

उघडी सापडली तर काय दिसेल तेही सांगते, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहील. शेकडो वर्षं दाबल्या गेलेल्या बर्फातले हवेचे बुडबुडे जवळजवळ निघून गेलेले असतात. असा घट्ट बर्फ उजेडातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा पुढे जाऊ देतो. त्यामुळे जितकं जाड आणि स्वच्छ, तितकं गडद. मधूनच काळ्या रेघा दिसतील, त्या जुन्या ज्वालामुखींच्या राखेच्या. भिंतींवर ओंजळीएवढे गुळगुळीत खळगे असतात, पाण्यानं आणि वाऱ्यानं घासून काढलेले. त्यांच्यावरून हात फिरवाल तेव्हा व्हिडिओत न आलेलं काहीतरी हाती लागेल. पण फोटोतला निळा रंग बहुतेक वेळा वाढवलेला असतो, काही गुहा करड्याच असतात, आणि काही आपल्या देवघराएवढ्या. प्रसिद्ध गुहेत गर्दीही असते. सप्टेंबरातल्या रविवारी कासला जे पाहिलंत, फुलांपेक्षा मोबाइल जास्त, तसला प्रकार तिथेही होतो. योगायोग म्हणजे दोन्ही जागा जागतिक वारशाच्या यादीतल्या. कास पश्चिम घाटासोबत २०१२ मध्ये त्या यादीत आलं, वात्नायोकुल २०१९ मध्ये. जमलं तर सकाळची पहिली फेरी घ्या.

नातवाला मात्र या गुहेत नेऊ नका. बहुतेक कंपन्या आठ-दहा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. त्याच्यासाठी राजधानी रेक्याविकमध्ये पेर्लान नावाच्या वास्तूत शंभर मीटर लांबीची कृत्रिम गुहा आहे, डोंगरातून आणलेल्या ३५० टनांहून जास्त बर्फाची. आत उणे दहा अंश, जमीन सपाट, वर कोसळणारं काही नाही. यजमानांनाही तीच दाखवा. त्यांचा गुडघा उतारावर दुखत असेल तर काटे बांधून चालणं त्यांना जड जाईल, कारण काट्यांवर टाच आधी टेकवायची नसते. अख्खा तळवा एकदम ठोकून ठेवावा लागतो आणि पाय फाकवून चालावं लागतं. फक्त चढताना दुखत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर सोप्या गुहेचा विचार करता येईल. तुम्हीसुद्धा महिनाभर आधीपासून अजिंक्यताऱ्यावरून उतरताना काठीशिवाय, सावकाश, तळवा सपाट टेकवून उतरायचा सराव करा. चढण्याचा सराव तुम्हाला नकोच आहे.

जूनची तिकिटं आधीच निघाली असतील तर? मग निळ्या गुहेचा हट्ट सोडा आणि बाकीचं भरपूर बघा. योकुलसारलोन या सरोवरात हिमनदीपासून तुटलेले हिमखंड तरंगत असतात आणि उन्हाळ्यात त्यांच्यामधून होडीनं फिरता येतं; नातू आणि गुडघा दोघांनाही चालेल असं आहे. लांगयोकुल या हिमनदीत माणसांनी खोदलेला बोगदा २०१५ पासून खुला आहे, तिथे हिमनदीच्या पोटात सरळ चालत जाता येतं. खोदलेलं म्हणून नाक मुरडू नका. भिंत त्याच बर्फाची आहे आणि तिची देखभाल होते. विक गावातून कात्ला ज्वालामुखीच्या बाजूच्या राखेनं काळवंडलेल्या गुहांच्या सहली बाराही महिने निघतात. जाहिरातीत त्या उन्हाळ्यातही सुरक्षित म्हणून दाखवतात. माझं मत विचाराल तर उबदार महिन्यात मी माझ्या माणसांना कुठल्याच नैसर्गिक हिमगुहेत जाऊ देणार नाही.

धाकट्या दिरांचा गोमुखाचा सल्ला वाईट नाही, फक्त ते वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत. गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचं तोंड. तिथल्या बर्फाच्या कमानीखालून भागीरथी बाहेर पडते. म्हणजे आइसलँडमधल्या गुहेचाच प्रकार, पण पाणी कधीच न ओसरणारा. ती बघायची असते, तिच्यात शिरायचं नसतं. जुलै २०१६ मध्ये त्या तोंडाचा मोठा भाग तुटून खाली आला होता. लांब उभं राहून नमस्कार करावा, एवढंच. ‘गंगेचं पाणी अगदी मुखातून भरायचं’ म्हणून कमानीखाली वाकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तेव्हा श्रद्धेपेक्षा फोटोची घाई जास्त वाटली. शिवाय गंगोत्रीहून जायला सुमारे १८ किलोमीटर चालावं लागतं, उंची चार हजार मीटरच्या जवळपास, राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० जणांनाच सोडतात. विरळ हवेचा त्रास तिथे खरा आहे. तुमच्या वयाची काळजी करायचीच असेल तर घरच्यांनी ती आइसलँडपेक्षा गोमुखासाठी करावी. जरूर जा, पण दुसऱ्या वर्षी.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. गुहेत तापमान शून्याच्या आसपास असतं, बाहेर वारा झोडपतो. अंगाला लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यावर पाणी न शिरणारं जाकीट आणि तशीच पँट. सुती काही नको, जीन्स नको; ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. लोंबणारी ओढणी किंवा शाल काट्यात अडकते, म्हणून गळ्यात बंद कानटोपीच बरी. घोट्याच्या वर येणारे कडक तळव्याचे बूट लागतात. ते तिथे भाड्यानं मिळतात, इथून विकत घेऊन सामान वाढवू नका. मोबाइल आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झटकन उतरते.

व्हिसाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे भली भली माणसं अडकतात. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही; आइसलँड आहे. म्हणजे तुम्हाला दोन वेगवेगळे व्हिसा लागतील आणि दोन्ही भारतातूनच काढून निघा. मुलीकडे पाहुणे म्हणून गेल्यावर तिथून शेंगेन काढू, या भरवशावर राहू नका. आयर्लंडचा व्हिसा एकाच प्रवेशाचा मिळाला आणि तुम्ही आइसलँडला गेलात, तर परत डब्लिनमध्ये पाऊल ठेवता येणार नाही. एकतर अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा आणि आइसलँडचा बेत कागदावर दाखवा, नाहीतर आइसलँड शेवटी ठेवा आणि तिथूनच मुंबईकडे निघा. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. तो घेताना गाइडसोबत हिमनदीवर चालणं त्यात धरलंय का ते लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी प्रकार वगळलेले असतात आणि ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

एक गोष्ट जावयांना वेगळी सांगा. साताऱ्यात आणि डब्लिनमध्ये गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते, आइसलँडमध्ये उजवीकडून. त्यात फेब्रुवारी, रस्त्यावर गोठलेला थर आणि गाडीचं दार उलटं फिरवून मोडणारा वारा. रेक्याविक ते योकुलसारलोन सुमारे ३७० किलोमीटर आहे, चांगल्या हवेत पाच तास. एका दिवसात जाऊन येऊ असं त्यांनी ठरवलं असेल तर तो बेत मोडा. सरोवराच्या आसपास दोन रात्री काढा, आणि निघण्याआधी रोज रस्त्यांची सरकारी माहिती बघा. तिथे वाऱ्यामुळे मुख्य रस्ता बंद करतात आणि तो बंद असला की बंदच असतो, फोन करून उघडत नाही.

राहता राहिले कंदी पेढे. ते नेऊ नका. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि खव्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत, आयर्लंडलाही तोच नियम. विमानतळावर सामान उघडलं तर डबा तुमच्या डोळ्यांदेखत टोपलीत जाईल. लेकीला शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट द्या, आणि पेढे ती साताऱ्याला येईल तेव्हा.